कॉलरचा पंप

साहेबांची पाठ वळली तसा त्याने कॉलरचा पंप काढला आणि चहाच्या खोलीत खिळ्याला अडकवला. मुठीएवढं ते यंत्र शिफ्टभर हवा ओढणार आणि त्या हवेत फुफ्फुसं पोखरणारी ॲस्बेस्टॉसची धूळ किती, ते प्रयोगशाळा सांगणार.

"दादा, हे इथे कशाला?" धाकटी बहीण कप विसळत म्हणाली.

"आतला आकडा वर गेला तर काम बंद. मग आपण दोघंही घरी. इथली हवा स्वच्छ आहे. तुला तरी इथे मास्क कुठे लागतो?"

"नको रे बाबा तो मास्क. जीव गुदमरतो."

बायको गेल्यावर नऊ वर्षं तो एकटाच राहिला होता. भिंतींशी बोलायची पाळी आली होती. दोन वर्षांपूर्वी विधवा धाकटी राहायला आली आणि आल्या आल्या 'आधी हात धू' म्हणून डाफरणारं कुणीतरी घरात झालं. तिला ही चहाची नोकरी त्यानेच मिळवून दिली. दिवसभर घरात एकटी राहिली तर कंटाळून परत जाईल, याची त्याला धास्ती होती.

जुन्या कारखान्याचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवायचं काम दोन वर्षं चाललं होतं. नियम सगळ्यांना तोंडपाठ. मास्क, पांढरा सूट, बाहेर पडताना आंघोळ. पण चहाच्या पंधरा मिनिटांत आंघोळ कोण करत बसणार? तोही इतरांसारखा दारातच सूट झटकायचा आणि आत येऊन बसायचा. मागून धाकटी मुकाट्याने झाडू फिरवायची.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. लबाडी उघडी पडली, असंच त्याला वाटलं. नोकरी गेली की धाकटीही जाणार आणि पुन्हा त्या भिंती.

"बसा." साहेबांनी कागद पुढे सरकवला. "मर्यादेच्या अकरा पट आलाय आकडा."

"पंप बिघडला असेल, साहेब."

"दोनदा तपासून घेतलं. दिवसभरात मध्येच काढला नव्हता ना?"

"नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज मऊ झाला.

"मग घाबरू नका. तुमच्या तोंडावर मास्क होता. या हवेत कुणी दोन वर्षं उघड्या नाकाने बसलं असतं, तर त्याच्या घरच्यांना काय सांगावं, ते मला सुचलं नसतं."