जड चाक

सुकाणूची नवी केबल टाकली तरी बोटीचं चाक जडच फिरत होतं. ओड्वारने त्यावर तळहात आपटला आणि एक शिवी हासडली.

"दुकानदाराने चुकीची केबल गळ्यात मारली," तो म्हणाला. "हल्ली सगळा मालच भिकार."

हेर्डिस, त्याची बायको, बोटीच्या काठाला मेंढ्यांसाठी लाकडी कठडा बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "परवा म्हणालास, जुनी गंजलीय."

"ती गंजलेलीच होती. आता हीसुद्धा खराब निघाली."

किनाऱ्यावरच्या कुंपणात मेंढ्या ओरडून ओरडून जीव खात होत्या. समोरच्या बेटावर गवत केव्हाच वर आलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मेंढ्या तिकडे जाऊन चरायलाही लागल्या होत्या. ओड्वारच्या तेवढ्या राहिल्या होत्या, कारण गेल्या आठवड्यात खाडीच्या तोंडाशी बोट वेळेवर वळली नव्हती. खडकाने तिची एक बाजू पार सोलून काढली होती. तेव्हापासून तो बोट घेऊन बाहेर पडला नव्हता.

आता तपासायची एकच जागा राहिली होती. तो मागे गेला. चाक फिरवलं की मागच्या इंजिनाला वळवणारा पोलादी दांडा एका नळीतून सरकतो. खारं पाणी शिरून तिथेच गंज धरतो. जुन्या बोटींचं हे दुखणं सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. त्याने पान्याने नट सैल केला आणि दांडा ओढला. दांडा अलगद हातात आला.

त्याने नळीत चिंधी घातली. बाहेर आलं ते मऊ, पिवळं ग्रीस. त्याने दुसरी चिंधी घातली, खोलवर फिरवली. थोडा तरी गंज निघायला हवा होता.

"सापडलं काही?" हेर्डिसने विचारलं.

"सापडेल! मागे लागू नकोस."

काहीच सापडलं नाही. तरी त्याने नवं ग्रीस भरलं, सगळं परत जोडलं आणि येऊन चाक धरलं. जोर लावताच उजव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत. चाक जेमतेम वीतभर हललं.

"विकून टाकतो हे भंगार!" त्याने पाना फेकला. तो फळीवर आपटला, उसळला आणि डुबुक्कन पाण्यात गेला.

दोघं पाण्याकडे बघत राहिले.

"माझ्या बाबांचा होता तो," हेर्डिस म्हणाली. मग हात स्वेटरला पुसत ती आत आली. "सरक."

"कशाला?"

"सरक रे जरा."

तिने एका हाताने चाक धरलं आणि एका टोकापर्यंत फिरवलं. मग दुसऱ्या टोकापर्यंत. मागे इंजिन मुकाट वळत राहिलं. पुन्हा फिरवायला लागली आणि मध्येच थांबली. तिने चाकावरून हात काढून घेतला.

"आहे थोडं जड," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

"तुला खोटं बोलता येत नाही, हेर्डिस. कधीच आलं नाही."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

"किती दिवस दुखतोय?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला आत्ता सांगतोयस?"

"तुला सांगितलं असतं, तर तू लगेच डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलं असतंच! आता सोमवारी चल. मुकाट्याने."

"आधी मेंढ्या," तो म्हणाला.

मेंढ्या चढवून झाल्या. ओड्वार सवयीने चाकाकडे निघाला, दोन पावलांवर थांबला, आणि वळून बोटीच्या नाकाशी गेला. दोर बांधणं-सोडणं हे इतकी वर्षं हेर्डिसचं काम. तो वाकला. डाव्या हाताने गाठ ओढली, मग दुसऱ्या बाजूने ओढली. ती आणखीच आवळली.

मागे इंजिन सुरू झालं.

"हेर्डिस," तो मान खाली ठेवूनच म्हणाला, "ही तुझी गाठ सुटते कशी गं?"