मधली खुर्ची

नरहरीने रिवाजाप्रमाणे कानात घालायची चकती विद्याधरच्या दाराजवळच्या पितळी वाटीत टाकली आणि तो मधल्या खुर्चीत बसला. चकतीमुळे अख्खी मैफल कानातच वाजायला लागली, तसे लोकांनी स्पीकर भंगारात काढले. साऱ्या मिरजेत आता विद्याधरकडे तेवढे उरले होते, आणि ते ऐकायला येणारा हा एकच दोस्त. दोन्ही स्पीकरचे सूर नेमके जुळायचे ते त्या एका खुर्चीपाशी. अकरा वर्षं दर रविवारी विद्याधरने ती नरहरीला दिली आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला.

मारवा रंगात आला, नरहरीचे डोळे मिटले, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. खोलीत चिडीचूप झालं. तबकडी नुसतीच फिरत राहिली.

"गेला बघ," म्हणत विद्याधर उठला आणि जागीच थबकला.

नरहरी डोलत होता. मांडीवर ठेका चालूच होता. समेवर बरोबर मान हलली. "वाहवा!" तो पुटपुटला.

विद्याधरने वाटीतली चकती उचलली. जुनाट, केव्हाच बंद पडलेली होती ती. चालू चकती नरहरीच्या कानात होती, आणि पुढचं सगळं गाणं तीच वाजवत होती.

बऱ्याच वेळाने नरहरीने डोळे उघडले. "विद्या, काय लागलंय आज तुझं मशीन! हा गोडवा चकतीत नाही रे."

"ऊठ," विद्याधर म्हणाला. "मला बसायचंय तिथं."

आणि त्या मुक्या स्पीकरांसमोर तो अकरा वर्षांनी मधल्या खुर्चीत बसला.