पत्र्याखालची खोली

कुशाबाईंनी उंबरा ओलांडला आणि पाणी घेण्याआधी वर बघितलं. सर्जेराव तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले.

घर सर्जेरावांचं, बावड्याच्या मळ्यातलं, डोक्यावर पत्रा. चैत्र चालू होता. लेक राजेश्वरी सासरी, इंदापुरात, आणि तिला आठवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अशी रीत. पण वैशाखातल्या पत्र्याखाली तान्हं लेकरू कसं राहील, असं तिच्या सासूनं, म्हणजे या कुशाबाईंनीच, फोनवर सरळ विचारलं होतं. आमच्याकडं स्लॅब आहे, पंखे आहेत, पोरीला इथंच राहू द्या. त्यात वाईट काही नव्हतं. सर्जेरावांनी एवढंच सांगितलं, की एकदा भर दुपारी येऊन बघा.

मग त्यांनी कोंबड्यांच्या शेडना आणि शीतगृहांना आतून ऊन अडवणारा फोम मारणाऱ्या नागेशला बोलावून घेतलं. नागेशनं दोन खोल्यांत दोन जातींचा फोम मारला. फवारा पत्र्याला लागला, की भाकरीसारखा फुगायचा. एका खोलीत मऊ, दुसरीत कडक. वास जायला चार दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. आज कुशाबाई येणार म्हणून नागेशलाही थांबवून घेतलं होतं.

कुशाबाईंनी दोन्ही खोल्यांत उभं राहून बघितलं. मऊ फोमच्या खोलीत त्या थोडा वेळ कान देऊन थांबल्या. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता, पण आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. त्यांनी विचारलं, मग दोन जाती कशाला, हीच सगळीकडं का नाही मारली?

नागेशनं छाटून उरलेले दोन तुकडे आणले आणि समजावून सांगितलं. मऊ फोमची भोकं एकमेकांत उघडी असतात. त्यात हवा असते, ती ऊनही अडवते आणि आवाजही गिळते. कडक फोमचा प्रत्येक बुडबुडा बंद असतो. तो कमी जाडीत जास्त ऊन अडवतो आणि पत्र्याला धरून ठेवतो, म्हणजे वाऱ्यात पत्रा खडखडत नाही. सर्जेरावांनी न सांगताच घमेल्यात पाणी ओतलं. कुशाबाईंनी दोन्ही तुकडे पाण्यात दाबून धरले. कडक तुकडा हात काढताच वर उसळला. मऊ तुकडा त्यांनी बाहेर काढून पिळला, तर मनगटापर्यंत ओघळ आले.

"ह्यो तर तान्ह्या पोरावानी पितुय," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना सरंस्तवर पाऊस यील. पत्रा कुठं गळला तर ह्यो सगळं पिऊन बसल. बाळंतीण त्या कडक खोलीत."

सर्जेरावांना वाटलं, झालं, जमलं. त्यांनी तांब्या पुन्हा पुढं केला.

"आन् शेगडी कुठं ठिवणार?"

"कसली शेगडी?"

"बाळंतिणीची, पाव्हणं. खाटंखाली इंगळ नगं? ववा-शेपाची धुरी नगं?"

सर्जेरावांनी नागेशकडं पाहिलं. कामाच्या आधी नागेशनं विचारलं होतं, खोलीत कधी जाळ करणार का. आणि सर्जेरावांनी बिनधास्त सांगितलं होतं, की छे, गॅस तर पलीकडं स्वयंपाकघरात आहे. बायको चंद्राबाई असती तर तिनं तिथंच डोक्याला हात लावला असता. पण ती जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि घरात आठवण करून द्यायला दुसरं बाईमाणूस नव्हतं.

नागेश अवघडून म्हणाला, "आत इस्तू न्हाय चालायचा, मावशी, फोम पेट घेतुय. फोमवर अजून सिमेंटचं बोर्ड ठोकायचं हाय, पर ते ठोकलं तरी न्हाय. आन् आदी धूर पत्र्याच्या फटीतनं जायाचा. आता फट ऱ्हायलीच न्हाय."

उन्हाला अडवलं, पावसाला अडवलं, आणि घोडं शेगडीवर अडलं. सर्जेरावांनी तांब्या खाली ठेवला. पोर इंदापुरातच राहील, हे त्यांनी मनाशी मान्य करून टाकलं. तिला फोनवर कसं सांगायचं, तेवढंच आता उरलं होतं.

कुशाबाई मात्र पुन्हा कडक फोमच्या खोलीत गेल्या आणि भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. बराच वेळ बसल्या. बाहेर पत्र्याला हात लावला असता तर फोड आला असता. आत त्यांनी कपाळ पुसायला घेतलेला पदर कोरडाच परत खांद्यावर टाकला.

मग त्या बाहेर आल्या, पडवीत गेल्या. तिथला पत्रा अजून उघडाच होता आणि तिन्ही अंगांनी वारा होता.

"हितं फोम मारू नगंस बाबा," त्या नागेशला म्हणाल्या. "शेगडी हितं ठिवू. तट्ट्याचा आडोसा करू. सकाळच्या पारी हितं शेकायचं आन् आत जाऊन निजायचं. धूरबी मोकळा, लेकरूबी मोकळं."

सर्जेराव म्हणाले, की शेकायला आणि न्हाऊमाखू घालायला गावातली एखादी बाई ठरवतो, आजच विचारतो.

"कशाला? माझी वळकटी कुठं टाकायची, त्येवढं सांगा."

विहिणीनं सुनेच्या माहेरी येऊन सव्वा महिना राहायचं, हे सर्जेरावांनी कुठं ऐकलं नव्हतं. नको म्हणायला हवं, असं त्यांना रीतीप्रमाणं वाटलंही.

पण ते वळले आणि मऊ फोमच्या खोलीत गेले. तिथली आपली खाट त्यांनी अंथरुणासकट उचलली, दारातून तिरकी करून काढली आणि भर उन्हातून नेऊन लिंबाखाली टाकली.