हातावरचं दही
जयंती आंघोळीला गेली तेवढ्यात तिचा देवव्रत दही-साखर न खाताच निघून गेला. इंजिनीअरिंगचा शेवटचा पेपर, नवऱ्याने मजल्यावर सगळ्यांना "संध्याकाळी पेढे" म्हणून सांगूनही टाकलेलं, आणि पोरगा तसाच गेला! तिने स्टीलच्या डबीत दही घेतलं, वर साखर पेरली आणि त्याच्यामागोमाग चारकोपचं मेट्रो स्टेशन गाठलं. तपासणीच्या बाईने डबी उघडून पाहिली. "मुलाचा पेपर आहे गं," म्हटल्यावर हसून जाऊ दिलं. कॉलेजच्या स्टेशनवर पोरं-पोरी फायली छातीशी धरून जिना उतरत होती आणि समोरच्या गेटकडे पळत होती. जयंतीही पळाली. जिन्याखालच्या बस स्टॉपवर, बाकावर, तिला देवव्रत बसलेला दिसला. "बरं झालं, सापडलास! हात कर पुढे. उशीर होतोय ना रे!" तिने त्याच्या तळव्यावर दही घातलं. त्याने हात तोंडाकडे नेलाच नाही. "आई, माझा पेपर नाहीये." "आज नाही?" "कुठलाच नाही. दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं मी." "मग रोज सकाळी डबा घेऊन जातोस कुठे?" "इथेच." समोर गेट बंद झालं. बस आली, कोणी उतरलं नाही, तशीच निघून गेली. दही बोटांमधून त्याच्या चपलेवर ठिबकत होतं.  जयंती त्याच्या शेजारी बसली आणि तिने डबीतलं उरलेलं दही त्याच हातावर ओतलं. "खा," ती म्हणाली. "संध्याकाळी बाबांना तुलाच सांगायचंय."