तोड कवा?

दोन वर्षं नकाशात डोकं घालून मी रिमोटचं नऊ फुटी विमान बांधलं. पातळ लाकडाची एकेक फासळी हातानं कापली. पहिल्याच उड्डाणात रिमोट दगा देऊन गेला आणि विमान शेजारच्या नानासोंच्या उभ्या उसात कुठंतरी पडलं. तीन दिवस उसाच्या पाल्यानं अंग कापून घेतलं, पण सापडलं नाही.

मग रोज तेच.

"आवं नाना, तोड कवा?"

"कारखान्याची ऊसतोड टोळीच यीना रं!"

दोन महिने नुसता वैताग.

आज नानांचाच फोन आला. "जयराज, उद्या टोळी येतीया बघ!"

"अशी अचानक?"


"जळका ऊस आधी तोडत्यात न्हवं? तुझ्यासाठी सकाळीच फड पेटवून दिला."