रंग सुटला का?

विमा कंपनीच्या साहेबांनी विचारलं, लुगड्यांचा रंग सुटला का, आणि नत्थूजी ‘सुटला’ म्हणून मोकळे झाले.

रात्री नाल्याचं पाणी घरात शिरलं होतं. हातमागाचा खड्डा अजून तुडुंब भरलेला, मागची भिंत खचलेली, आणि विणून ठेवलेली लुगडी चिखलात लोळत होती. बँकेनं कर्ज देताना विमा उतरवला तो नुसता मालाचा. माग न् भिंत त्यात नव्हती. चिखल काय, धुतला की जातो, असं साहेबांचं म्हणणं. रंग सुटला असेल तरच माल वाया गेला म्हणता येईल. नुकसानीचे फोटो काढायला आलेला फोटोग्राफर ताराचंद कॅमेरा सरसावून उभाच होता. फोटोत यायचं म्हणून नत्थूजी शेजाऱ्याचं धुतलेलं धोतर नेसून आले होते.

“घरचाच रंग साहेब, कच्चा,” ते म्हणाले. “सारा सत्यानास झाला.”

चुलीतला चिखल काढणाऱ्या चंद्रकलाबाईंचा हात थांबला. सूत रंगवायचं काम त्यांचं. या घरात आल्यापासून त्यांची बोटं लालच होती. बाजारातले व्यापारी कुणाचंही लुगडं घेताना काठ ओला करून पांढऱ्या कापडावर घासून बघत. यांचं तेवढं न बघता घेत. आणि परक्या माणसासमोर नवऱ्यानंच त्या रंगाला कच्चा म्हणावं? त्यांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

त्या उठल्या. ढिगातलं एक लुगडं ओढून त्यांनी चिखल जाईस्तोवर बादलीत खळबळलं, नव्या पाण्यात बुचकळून करकचून पिळलं. पाणी नितळच राहिलं. नत्थूजी डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

“माह्या रंगाले कच्चा म्हनलं तुमी?”

आणि तो ओला लाल काठ त्यांनी नत्थूजींच्याच धोतरावर खसाखसा घासला.

ताराचंदनं सवयीनं फोटो काढला. साहेबांनी वाकून धोतर पाहिलं, माल चांगला आहे म्हणाले, पेनाला टोपण लावलं आणि निघाले.

तेव्हा कुठं चंद्रकलाबाईंच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. लुगडं छातीशी धरून त्या पडक्या भिंतीकडे बघत राहिल्या.

नत्थूजी रागावलेही नाहीत. धोतराचा सोगा हातात घेऊन ते उलटसुलट करून पाहत होते.

“एक डाग तरी पडू द्याचा होता वं,” ते म्हणाले.