मध्यान्हपूर्व

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सात रस्त्यावरच्या पतसंस्थेत मुख्य कार्यालयाचा फोन आला. शाखाधिकाऱ्यांचा मोबाइल शनिवार दुपारपासून बंद होता. शाखेत जो सर्वांत ज्येष्ठ, त्याने कार्यभार घ्यावा, असा निरोप होता.

सिद्धरामच्या पोटात दुखायला लागलं. ज्येष्ठ म्हणजे दाक्षायणीबाई.

एकोणीस वर्षांपूर्वी दोघे एकाच दिवशी रुजू झाले. हजेरीपटावर सही करायच्या रांगेत तोच पुढे होता. बाईंच्या कडेवरचं मूल रडत होतं, म्हणून तो म्हणाला, "ताई, तुमी घ्या आदी." बाईंची सही मध्यान्हपूर्व झाली. मग जेवणाची सुट्टी लागली. त्याची झाली मध्यान्हानंतर. तेव्हापासून यादीत बाई वर, बढती बाईंना आधी, पंख्याखालची खुर्चीही बाईंचीच. शिपाई नागप्पा त्याला 'दोन नंबर' म्हणायचा, तेही चहा देताना.

कर्जदारांना तो समजावायचा, "ज्याचा बोजा आदी, त्याचा हक्क आदी." सांगताना दर वेळी तोंड कडू व्हायचं.

दाक्षायणीबाई त्याच्या टेबलाशी आल्या. पर्समधून स्टॅम्प पेपर काढून समोर ठेवला. त्या दिवशी रांगेत सिद्धराम पुढे होते, ज्येष्ठता त्यांचीच, असं टाइप केलेलं. खाली बाईंची सही.

"मन खात होतं हो भाऊ. खुर्ची तुमचीच."

सिद्धरामने ज्येष्ठतेची ओळ तीनदा वाचली. बाकी काही वाचलं नाही.

"एवढी वर्षं कुटं होतं हे मन?"

"उशीर झाला खरा."

मुख्य कार्यालयाने फोनवरच होकार दिला. बाईंनी तिजोरीच्या किल्ल्या आणि तारण सोन्याची यादी पुढे केली.

"पाकिटं उघडून बघून घ्या की."

"सीलवर साहेबांची सही हाय. तुमच्यावर संशय घ्यायचा व्हय?"

त्याला केबिनमध्ये बसायची घाई होती. कार्यभार अहवालातल्या 'सोने तपासून ताब्यात घेतले' या छापील ओळीखाली त्याने सही केली. वेळ घातली १०.५५. पुढे 'मध्यान्हपूर्व' हा शब्द सावकाश, ठळक लिहिला.

नागप्पा चहा घेऊन आला. "घ्या, एक नंबर!"

सव्वाबाराला लेखापरीक्षक आले. पहिल्या पाकिटात पितळेच्या पाटल्या निघाल्या. दुसऱ्यातही.

"कार्यभार कुणाकडे?"

सिद्धरामने अहवाल दिला, त्यामागे स्टॅम्प पेपर. लेखापरीक्षकांनी तो उलटून मागचा विक्रीचा शिक्का पाहिला.

"साहेबांचा फोन कधी बंद झाला?"

"शनिवारी."

स्टॅम्प पेपर शुक्रवारी विकत घेतलेला होता.